पूल आणि नव्याचा घास

पुलावरून पहिलं इंजिन गेलं, त्या दिवशी माझा भाऊ मला घरी न्यायला आला होता. पुलाची हकिकत मी पुष्कळांना सांगितली आहे. एवढं मात्र आजवर कुणालाच नाही.

जव्हार संस्थानच्या शाळेत शिकून मी वैतरणेवरच्या रेल्वेपुलाच्या कामावर कारकून झालो. नदीत पाये कसे उतरवले, गर्डर कसे चढवले—विचारा, सगळं सांगेन. पण मी साखरशेतचा, डोंगरपाड्यातला, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मीच होऊ दिलं नव्हतं. संध्याकाळी काठावर बसायचो. आमच्या डोंगरातलं पाणी त्याच नदीला मिळतं. त्या पाण्यात काय शोधायचो मी?

आमच्यात नवा भात आधी देवापुढे ठेवतात, मग खातात. वडील गेल्यापासून तो घास ठेवायचा मान माझा, थोरल्याचा. म्हणून आईचा निरोप घेऊन लाडक्या, माझा धाकटा भाऊ, डोंगर उतरून आला. लंगोटी, खांद्यावर घोंगडी. इंजिनाला झेंडूच्या माळा चढत होत्या. गर्दीतून त्याने हाक मारली.

“दादा, चल घरा! आयुस वाट बघते. तुझेबिगर नवा खायची नाय.”

गोदामावरचा कारकून हसला. “काय भाऊसाहेब, सोयरे आले वाटतं रानातून!”

आणि मी—मी म्हणालो, “छे, आमच्या शेतावरचा गडी आहे.”

लाडक्याला सगळं समजलं. “बरा, सायब,” म्हणाला, “सांगन तिला.” आल्या वाटेने गेला. मागे धावता आलं नसतं का? आलं असतं.

त्या वर्षी नव्याचा घास लाडक्याने ठेवला. आई मात्र नागलीची भाकरीच खात राहिली—मी येईन म्हणून. शिमग्याला मी घरी गेलो, तेव्हा ती जगात नव्हती. माझ्या वाटचे तांदूळ तिने मडक्यात झाकून ठेवले होते. पाड्यावर सगळे पुलावरच्या साहेबाला शिव्या देत होते, रजा दिली नाही म्हणून. तसं लाडक्यानेच सांगितलं होतं. मीही मान डोलावली. रजा मी मागितलीच नव्हती.

पुढे मी पाड्यावरच परतलो, आणि आम्ही दोघे एकाच घरात म्हातारे झालो. त्याने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मला दादाही कधी म्हटलं नाही. जेवायला बोलावतानासुद्धा नुसतं “चल” म्हणायचा. मी दारात थांबायचो—पुढचा शब्द येईल म्हणून.

गेल्या वर्षी लाडक्या गेला. पूल आहे. नव्याचा घास मी ठेवतो.