टोपीवाल्याचं गाणं आणि मंदाला श्रद्धांजली

ऐका, पण हसायचं नाही हं! मागच्या महिन्यात मी माझ्या चांगल्या धडधाकट बायकोला मारून टाकलं. अख्ख्या पूर्णा गावात!

झालं असं, की मी रेल्वेतून रिटायर झालो आणि वर्षाच्या आत आमच्या मंदाला नातवासाठी पोराकडून पुण्याचं बोलावणं आलं. "दोन महिन्यांत येते," म्हणाली. चार झाले! घरात मी आणि फ्रिजची घरघर. कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं, कुणीतरी बोललं म्हणून!

अशात मोबाइलवर एक गाणं सापडलं. अमेरिकेतल्या खेड्याकडचा जुना गायक. डोक्यावर ही मोठी टोपी, गळ्यात गिटार, आणि आवाज असा, की गुरं राखून दमलेला माणूस बांधावर बसून गातोय. आपलं इंग्रजी स्टेशनच्या पाटीपुरतं! पण ऐकलं की डोळ्यांत पाणी. का, ते कळावं म्हणून मोबाइललाच त्याचं मराठी करायला लावलं. निघालं काय?

'ती गेली. ओसरीवरची तिची खुर्ची रिकामी आहे. मी अजून दोघांचा चहा टाकतो.'

अहो, हा तर आपलाच माणूस! मी तेवढ्या ओळी उचलल्या आणि आमच्या रिटायर मंडळींच्या ग्रुपवर टाकल्या. हे गाणं आहे, एवढंच लिहायचं राहिलं. आणि गेलो आंघोळीला.

बाहेर येतो तर दारात सात-आठ जण! पुढं कदम, माझा नोकरीतला जोडीदार, हातात हार. मला मिठी मारून हमसायलाच लागला. चार महिन्यांत माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता हो. मीही रडायला लागलो!

"कदी गेल्या वैनी?"

"चार महिने झाले."

"चार महिने! आन आमाला आज सांगायलास? कशानं गेल्या?"

"गाडीनं."

कदमनं हार छातीशी धरला. "रेल्वेवाल्याची बायको… आन गाडीखाली!"

"खाली न्हाई रे बाबा, स्लीपरमदी! पुण्याला गेलीय ती!"

पण तोवर कुणीतरी माझ्या पोराला फोन करून धाय मोकलून रडलं होतं. माझा मोबाइल वाजला. मंदा!

"मी मेले म्हणं?"

सगळं सांगितलं. टोपी, गिटार, खुर्ची. मला वाटलं, आता भडकणार.

"एवढी आठवण यायली माझी?"

"हं."

"मग रोज फोनवर 'मी लय मजेत हाय' का म्हणायलाव? सगळ्या पूर्णेला सांगितलं तुमी. मलाच तेवढं न्हाई."

आता सांगा, एवढ्यावर माणसानं काय बोलावं? ये म्हणावं, करमत नाही म्हणावं, काहीतरी म्हणावं की नाही? समोर आठ माणसं कान टवकारून बसलेली, कदमच्या हातात तो हार तसाच. मी घसा खाकरला आणि म्हणालो,

"जेवलीस का?"