दानव्वाची पूजेची सायकल

दानव्वाने फुकट मिळालेली नवी सायकल विहिरीत टाकली, अशी बातमी तिकोट्याच्या चहाच्या टपरीवर पसरली होती. बुडताना घंटीचा आवाज आला म्हणे. एकाने तो कानांनी ऐकलाही होता. शर्यतीच्या सायकलला घंटी नसते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सायकल आमच्या सायकलपटूंच्या वसतिगृहाच्या कोठीतच होती, खुंटीला टांगलेली, चाकाला वाळलेलं लिंबू चिकटलेलं.

मुलींसाठी खास घडवलेल्या सायकली एका कंपनीने पाठवल्या, तेव्हा आमचे प्रशिक्षक बिरादार सरांनी पूजा करून प्रत्येकीच्या नावाने चाकाखाली लिंबू चिरडलं. मी बुटकी, मला ती शिंप्याने अंगावर बेतल्यासारखी बसली. दानव्वाचं तसं नव्हतं. पाय आखूड, धड लांब, हात त्याहून लांब. उभी राहिली की आमच्यातलीच एक, बसली की सगळ्यांच्या वर. त्या सायकलवर ती मडक्यात कोंबल्यासारखी दिसायची. गुडघे वर, पाठ वाकडी, आणि सगळा भार तळहातांवर. तिकोट्याच्या चढापर्यंत बोटं बधिर व्हायची. ब्रेक धरलाय की नाही, हे तिला डोळ्यांनी बघावं लागे.

निवडीची शर्यत तोंडावर आली होती. पहिल्या चौघी राहणार, बाकीच्यांनी ट्रंक भरायची. दानव्वाचा भाऊ परसप्पा याने तिला फोनवर सांगितलं, "नाही जमलं तर कळव. मोटरसायकल घेऊन येतो. ऊसतोडणी चालू आहे, मावशीने एक स्थळही बघून ठेवलंय."

"बरं," दानव्वा म्हणाली. त्या दिवसांत तिच्याकडे तेवढाच शब्द उरला होता. बधिरपणा बोटांतून वर चढत गेला असावा. भाकरीवर शेंगाचटणी घ्यायची राहिली तरी ती कोरडी भाकरी चावून संपवायची.

एकदा मात्र ती सरांकडे गेली.

"सर, ही मला आखूड पडते."

"आखूड? काय म्हणतो मी? कंपनीने हजारो बायका मोजून सायकल केली. काय म्हणतो?"

"मला मोजायला कुणी आलं नव्हतं, सर."

वाजले किती, असं विचारल्यावर सांगावं, तशा आवाजात ती हे बोलली.

"लक्कव्वा बघ कशी पळते तिच्यावर," सर माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "आणि तुझ्या नावाने लिंबू फुटलंय. पूजेची सायकल सोडून दुसरीवर बसायचं नाही. काय म्हणतो मी?"

बिनपूजेच्या सायकलवर आमच्याकडे कुणी पाय टाकत नाही. पडलं तर कोण निस्तरणार?

अमावास्येला आम्ही सायकली धुऊन पूजेसाठी रांगेत लावल्या. परसप्पा पूर्वी याच वसतिगृहात होता. त्याची जुनी, मुलांच्या मापाची सायकल कोठीत पोत्याखाली पडून होती. दानव्वाने ती काढली, पुसली, रांगेच्या शेवटी उभी केली. सर अर्धे डोळे मिटून पुटपुटत येत होते. विभूती, कुंकू, लिंबू, पुढची. विभूती, कुंकू, लिंबू, पुढची. शेवटचं लिंबू फुटल्यावर त्यांचे डोळे उघडले.

"ही कुणाची?"

"परसण्णाची, माझ्या भावाची. आता माझी. पूजा झाली, सर."

सरांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. विभूती लागून गेली होती. "काय म्हणतो मी," ते म्हणाले, आणि काय म्हणतात ते पहिल्यांदाच बोलले नाहीत.

शर्यतीआधी मी दानव्वाला डिवचलं, "निवड झाली तर रडशील बघ, धाय मोकलून."

"नाही रडणार."

"पैज? हरेल तिने पुढच्या अमावास्येपर्यंत दुसरीची साखळी घासायची."

"बरं."

त्या सायकलवर ती लांब पसरून बसली, पाठ सपाट, कोपरं सैल. चढावर माझ्या शेजारून गेली तेव्हा तिचा श्वाससुद्धा ऐकू आला नाही. सरांनी नावं वाचली. मी दुसरी. दानव्वा तिसरी. मी तिच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. तिने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"काय गं, काही वाटतंय का?" मी विचारलं.

"बोटं आहेत," ती म्हणाली. फोन लावून भावाला "येऊ नको" एवढंच सांगितलं, आणि ताट घ्यायला गेली.

पैज मी हरले. तिच्या सायकलच्या साखळीला गंज फार आहे. परसप्पाने कधी तेल दिलं नसावं.