सर्जनने आवळलेले चार बोल्ट

त्याला गल्लीत सगळे सर्जन म्हणायचे. नाव चेष्टेने पडलं होतं. पण चेष्टा कळायला जी थोडीफार अक्कल लागते तीही त्याच्याकडे नसल्यामुळे त्याने ते नाव दुकानाच्या पाटीवरच रंगवून घेतलं. 'सर्जन. फ्रिज, वॉशिंग मशीन, ओव्हन, मिक्सर.' आणि खाली लाल अक्षरांत, 'ऐकून निदान.'

ऐकून निदान म्हणजे एक छोटेखानी नाटकच. गिऱ्हाइकाने मशीन चालू करायचं. सर्जन लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढणार, त्याचं टोक मशीनच्या अंगाला टेकवणार, मूठ कानाला लावणार आणि डोळे मिटणार. बघणारे श्वास रोखून उभे. मग डोळे उघडून, घरातलं माणूस गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात तो सांगणार, "मोटर संपली."

युक्ती खोटी नाही. बेअरिंग वाजत असेल तर जाणता कारागीरही असंच ऐकतो. पण ऐकून झाल्यावर तो मशीन उघडून बघतो. सर्जनला उघडणं कमीपणाचं वाटायचं. उघडायचं कुणी? ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी.

एकदा शाळेतल्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "फ्रिज थंड होत नाही हो."

"गॅस गेला."

"पण वरचा कप्पा बर्फाने गच्च भरलाय."

सर्जन क्षणभरही अडखळला नाही. "मग गॅस जास्त झालाय."

प्रत्यक्षात बर्फ साचून आतली हवेची वाट बुजली होती. बाईंनी फ्रिज एक दिवस बंद ठेवला, बर्फ वितळला, फ्रिज चालू झाला. सर्जनने ते आपल्या खात्यावर जमा करून टाकलं. "मी हात लावला ना, तेव्हाच तो घाबरला."

त्याची बायको मागच्या खोलीतून हे सगळं ऐकायची. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "घरातला मिक्सर बाहेर दाखवते मी. ह्यांना सांगू नका."

तर अशा या माणसाला एक थोरली बहीण होती. ताई विधवा. दोन खोल्या, वर गच्ची, आणि धुण्याचं काम. आधी घरोघरचे कपडे धुवायची. मग चौकातल्या बारा खोल्यांच्या लॉजच्या मॅनेजरने तिला चादरींचं काम देऊ केलं. पण आधी आठवडाभराची चाचणी. रोज सकाळी गाठोडं येणार, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत धुऊन, इस्त्री होऊन परत गेलं पाहिजे. एक दिवस चुकला की काम दुसऱ्याला. ताईने जुनं छोटं मशीन बदल्यात दिलं, होतं नव्हतं ते त्यात घातलं आणि पुढून दाराचं मोठं नवं मशीन घेतलं. त्या चादरी मिळाल्या तर म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागणार नाही, एवढा साधा हिशेब होता तिचा.

"उद्या कंपनीचा माणूस येतोय बसवायला," ती भावाला सहज बोलून गेली. तिथेच चुकलं.

"कंपनीचा माणूस? मी मेलोय का?"

"अरे, फुकट येतो तो."

"फुकटातला माणूस फुकटातलंच काम करणार. ताई, गल्लीभर माझं नाव, आणि माझ्या बहिणीच्या दारात परका पाना घेऊन उभा? लोक शेण घालतील तोंडात!"

ताईने कंपनीच्या माणसाला नको कळवलं. सर्जन आला, बाह्या सारल्या, खोकं फाडलं, नळी जोडली. मशीनच्या पाठीला चार जाड बोल्ट होते. नवं मशीन ट्रकमधून येताना आतला ड्रम हिंदकळू नये म्हणून या बोल्टांनी तो जखडून ठेवलेला असतो. मशीन जागेवर ठेवलं की बोल्ट काढायचे आणि भोकांना प्लॅस्टिकची बुचं लावायची. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर चित्रासकट छापलेलं असतं. काढले नाहीत तर ड्रमला आत झुलायला जागा राहत नाही आणि तो जोरात फिरायला लागला की आख्खं मशीन त्याच्यासोबत उड्या मारतं.

सर्जनने बोल्ट चाचपले. दोन किंचित सैल लागले.

"बघितलंस? हे तुझे कंपनीवाले. साधा बोल्ट आवळता येत नाही!" आणि दातओठ खाऊन त्याने चारही बोल्ट आवळले. असे आवळले, की मान लाल झाली.

"आणि ही बुचं कशाची रे?"

"जास्तीची असतात. कंपनी देते."

पहिलं गाठोडं आलं. धुणं बरं झालं. पिळायची वेळ आली आणि मशीनने आधी हुंकार दिला, मग थरथर, मग धाडधाड. भिंतीपासून हातभर पुढे सरकलं, नळी उपटली आणि खोलीभर पाणी. ताईने बटण बंद केलं, तीस चादरी हाताने पिळल्या, रात्रभर पंख्याखाली वाळवल्या आणि दुपारी इस्त्री करून वेळेत पोहोचवल्या. मग भावाला बोलावलं.

सर्जनने कान लावला. डोळे मिटले. "फरशी वाकडी आहे."

पुठ्ठ्याच्या घड्या एका पायाखाली गेल्या. मशीन आता तिरकं चालायला लागलं.

"तू चादरी कशा टाकतेस? कोंबतेस. गोल टाकायच्या. फुलासारख्या."

ताईने फुलासारख्या टाकल्या. मशीन फुलासारखं उडालं.

"वजन कमी पडतंय त्याला," सर्जन म्हणाला. आणि हा पन्नाशीचा, पोट सुटलेला, स्वतःच्या पाटीवर स्वतःच सर्जन लिहिणारा माणूस मशीनवर चढून बसला. "कर चालू."

"अरे, पडशील!"

"कर म्हणतो ना!"

तिने केलं. "ब-ब-बघ," सर्जन वरून म्हणाला, गाल लटलट हलत होते, "क-क-कसं शां-शांत..." मशीन त्याला घेऊन दरवाजापर्यंत गेलं. उंबरठ्यापाशी अडलं म्हणून बरं, नाहीतर वरात चौकात निघाली असती. समोरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "सर्जन, ब्रेक लावा!"

दुसऱ्या दिवशीच्या चादरीही हाताने पिळल्या. तिसऱ्या दिवशी ताईची मनगटं सुजली, इस्त्री धरवेना, आणि गाठोडं मुदतीला जेमतेम पाच मिनिटं असताना पोहोचलं. मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं.

चौथ्या सकाळी नवं गाठोडं दारात पडलं होतं आणि सर्जन निकाल सांगत होता. "ड्रम गेला. माल फसवा आहे. दुकानात नेऊन पूर्ण खोलावं लागेल. चार दिवस धर."

"चार दिवस? मला आज चार तास मोकळे नाहीत आणि तू चार दिवस मागतोस?"

"मग मी काय करू? ऐकलं ना मी."

"तू ऐकलंस. कुणी वाचलं का?"

ताई उठली आणि खोक्यात पडलेली पुस्तिका घेऊन आली.

"पुस्तकं वाचून मशीनं सुधारत असती," सर्जन छद्मी हसला, "तर ग्रंथपालांनी दुकानं काढली असती."

ती पहिल्या पानावर बोट ठेवून वाचत होती. मग पिशवीतली बुचं काढून मोजली. चार. मशीनमागे वाकून बघितलं. चार.

"हे बोल्ट काढायचे असतात. इथे लिहिलंय."

"छे! ते काढले तर मशीन पोटातून सुटेल."

"चित्र आहे बघ. बोल्ट बाहेर येताना बाण दाखवलाय."

सर्जनने चित्र लांब धरून पाहिलं. "बाण उलटा छापलाय."

ताईने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी त्याचं नाक पुसलं होतं तिने, त्याच्या चुकांवर शाळेत जाऊन माफ्या मागितल्या होत्या. आता हात पुढे केला. "पाना दे."

"ताई, फुटलं तर मी जबाबदार नाही हं!"

"तू कधी होतास? दे पाना."

बोल्ट हलेनात. दुसरं कुठलंच काम या माणसाने इतकं चोख केलं नव्हतं. सुजलेल्या मनगटांनी जमेना तेव्हा ताईने पान्याच्या दांड्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकला. पहिला कर्रकन सुटला. दुसरा. सर्जन दारात उभा राहून 'हळू, हळू' म्हणत होता. मदत म्हणून तेवढंच. चौथा निघाला, बुचं बसली, पुठ्ठे फेकले गेले. ताईने चादरी टाकल्या, फूल वगैरे न बघता, आणि मशीन लावलं.

पिळायची वेळ आली. घोंगावल्यासारखा आवाज चढत गेला. मशीन जागचं हललं नाही.

दोघं ऐकत राहिली.

"बरोबर," सर्जन म्हणाला. "तीन दिवस घट्ट ठेवल्यामुळे ड्रम मुरला. म्हणून आता नीट चालतोय."

ताई इस्त्री तापवायला गेली. अशा माणसाला उत्तर देणं म्हणजे भिंतीला पत्र लिहिणं.

आठवडा निभावला. आठव्या दिवशी मॅनेजर स्वतः आला, काम पक्कं झालं म्हणाला. सर्जन तिथेच होता. चहाच्या वेळी तो असायचाच. मॅनेजरची नजर मशीनवर गेली. "वा, हूं की चूं नाही. बसवलं कुणी? आमच्याकडे दोन फ्रिज आणि एक ओव्हन बंद पडलेत. कायमचा माणूस हवाय."

सर्जनने कप खाली ठेवला, कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि बहिणीकडे बघून कौतुकाची वाट पाहू लागला.

ताईने मॅनेजरच्या हातात बिस्किटांची बशी दिली. "हा माझा सख्खा भाऊ," ती म्हणाली. "बसवलं यानेच. आणि म्हणून सांगते, याला कुठल्याही मशीनला हात लावू देऊ नका. कंपनीच्या माणसाचा नंबर देते, लिहून घ्या."

मॅनेजर हसायला लागला. ताई हसत नव्हती. मग त्याने नंबर लिहून घेतला आणि गेला.

"ताई!" सर्जनचा आवाज चिरकला. "परक्या माणसासमोर? एवढं मोठं काम होतं. आयुष्याचं सोनं झालं असतं माझं!"

"आणि त्याच्या ओव्हनचं?"

"मग मी आता करू काय?"

"ते गाठोडं उचल. गच्चीवर ने. चादरी वाळत घाल. त्यात काही बिघडत नाही."

त्याने उचललं. कुरकुरत उचललं, पण उचललं. थोड्या वेळाने गच्चीवरून त्याचा आवाज आला. शेजारच्या गच्चीवरच्या बाईंना तो समजावून सांगत होता, की दोरी मुळातच चुकीच्या बाजूने बांधली आहे आणि आपण नुसत्या नजरेने ते ओळखलं.