किल्ल्याचा ताबा

त्या खेळाविषयी माझे मत पहिल्या दिवसापासून प्रतिकूल होते आणि ते बदलण्यास आजही मला कारण दिसत नाही. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, तेव्हा तिचे राखाडी रंगाचे जुने गेमचे यंत्र, एक रिमोट आणि काही सीड्या आमच्या पनवेलच्या घरातच राहिल्या. मी ते भंगारात देणार होतो. पत्नी शाळेतून निवृत्त झाली, एका दुपारी तिने ते टीव्हीला जोडले, आणि माझ्या घरात एक रक्तपिपासू सरदार राहायला आला.

हा सरदार मेलेला आहे. तरीही तो पेटीत झोपतो, उठून लोकांचे रक्त पितो आणि किल्ला सोडत नाही. हातात साखळी घेतलेला एक वीर त्याला हुसकून लावण्यासाठी आत शिरतो. मी पस्तीस वर्षे पनवेल-उरण भागात भूसंपादनाच्या प्रकरणांचे अर्ज लिहिले. द्रोणागिरीकडची मिठागरे कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली, हे मी पाहिले आहे. मयत माणसाच्या नावावर मिळकत चालू ठेवली की काय अनर्थ होतो, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

"वारसनोंद वेळेवर झाली असती तर हा प्रकार उद्भवलाच नसता," मी म्हणालो.

"अहो, गप्प बसा. वटवाघूळ येतंय."

वटवाघळाचा प्रकार तर संतापजनक होता. ते जिन्यावर येऊन वीराला धडकते, आणि वीर जागच्या जागी जखमी न होता मागे फेकला जाऊन दरीत पडतो व मरतो. इजा किरकोळ आणि शिक्षा मृत्युदंडाची. अपिलाची तरतूद नाही. खेळ तयार करणाऱ्या कंपनीला मी याबाबत तीन सविस्तर पत्रे पाठवली. उत्तर तर सोडाच, एकाही पत्राची पोच आली नाही. ज्या देशात असे खेळ बनतात, तेथील टपालव्यवस्थेबद्दल मी अधिक लिहीत नाही.

पत्नीला मात्र कशाचाही राग येत नसे. तिने आयुष्यभर मुलींना शिवणकाम शिकवले. उसवून पुन्हा शिवणे तिच्या अंगवळणी पडले होते. वीर मेला की ती त्याला पुन्हा उभा करी. माझ्या रद्द मसुद्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर तिने किल्ल्याचा नकाशा काढला होता, दालनागणिक. नऊ महिन्यांनी ती शेवटच्या बुरुजाच्या दारापर्यंत पोहोचली.

त्याच सुमारास तिचा उजवा अंगठा दुखू लागला. डॉक्टरांनी सांगितले, सांधा पूर्ण झिजला आहे. ऑपरेशन करून तो कायमचा जखडावा लागेल. वेदना थांबतील, पण अंगठा पुन्हा वाकणार नाही. तारीख ठरली. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "त्याच्या आत त्या मेल्याला संपवते."

तिचा सारा प्रवास ज्यात साठवलेला होता ते मेमरी कार्ड नेमके तेव्हाच चालेनासे झाले. ते कधी वाचले जाई, कधी नाही. त्याच्या जोडणीच्या पितळी दातांवर हिरवट थर चढला होता. ते साफ करून आणण्याचे काम माझ्याकडे आले. पळस्प्याच्या रस्त्याला एक दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानात गर्दी होती. मी कार्ड आणि सोबत लेखी अर्ज दिला, दुय्यम प्रतीवर दुकानदाराची सही व शिक्का घेतला आणि परतलो.

चार दिवसांनी कार्ड परत आले. दात सोन्यासारखे चमकत होते. पत्नीने ते यंत्रात घातले. पडद्यावर साठवणीचे पंधरा चौकोन उमटले. पंधराही रिकामे.

तिने रिमोट खाली ठेवला आणि अंगठा चोळत बसली.

मी त्याच दिवशी नोटीस तयार केली. तीन पाने झाली. निष्काळजीपणा, सेवेतील त्रुटी, मानसिक क्लेश. एकही मुद्दा सोडला नाही. टपालावर विश्वास उरला नसल्याने ती बजावण्यास मी जातीने गेलो.

दुकानदार चाळिशीचा, उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. काउंटरवर पाच-सहा गिऱ्हाइके उभी होती.

"या काका. अजून एक चिठ्ठी?"

"ही चिठ्ठी नव्हे. नोटीस आहे."

"तुमची पयली आमी जपून ठेवलीय." त्याने खणातून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला माझा अर्ज काढला आणि सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला. "'सोबतचे मेमरी कार्ड पूर्णपणे साफ करून द्यावे. आत काहीही शिल्लक राहता कामा नये.' आता बोला. काय शिल्लक ठेवला आमी?"

"साफ म्हणजे स्वच्छ!" मी ओरडलो. "मळ काढणे!"

"आमच्याकडं कार्ड साफ कर बोलला म्हंजे रिकामा कर. रोज चार जण येतात. मळ काढायचा तर पुसून दे बोलतात. तो पण पुसला, बगा, फुकट."

"शंका होती तर विचारायला काय झाले होते?"

"खालची लाइन वाचू?" तो हसत नव्हता, ही गोष्ट मला अधिक लागली. "'तोंडी विचारणा अथवा दूरध्वनी करू नये. तोंडी संभाषण ग्राह्य धरले जाणार नाही.' मी फोन उचलला व्हता काका. बायको बोलली, नाय, ठेव तो. हा माणूस कोर्टात नेईल."

एक गिऱ्हाईक खिदळले. मी अर्ज हातात घेऊन वाचला. पस्तीस वर्षांत 'साफ' हा शब्द मी एकाही अर्जात येऊ दिला नव्हता. येथे तो मुद्दाम वापरला होता. 'स्वच्छ' दुकानदाराला कळणार नाही असे मला वाटले, म्हणून मी बाजारातला शब्द घातला. त्याला तो माझ्यापेक्षा चांगला कळत होता. नोटीस मी घडी घालून खिशात ठेवली. त्या माणसाने विचारायलाच हवे होते, हे माझे मत कायम आहे. पण ते न्यायालयात टिकणार नाही.

घरी पत्नीने विचारले, "दिलीत नोटीस?"

"नाही." मी तिला अर्जातला मजकूर सांगितला. तिने तो पुन्हा सांगायला लावला.

"'आत काहीही शिल्लक राहता कामा नये.' हे तुम्ही लिहिलंत?"

"माझ्याकडे दुय्यम प्रत आहे."

"त्या प्रतीला लावा आग!" लग्नाच्या चौतीस वर्षांत ती माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती. "तीन आठवडे राहिलेत. या अंगठ्यानं आता पहिल्यापासून होणार आहे का माझं?"

तिने रिमोट माझ्या मांडीवर टाकला.

"तुमच्या अंगठ्याला काही झालेलं नाही. बसा. मी सांगते, तुम्ही दाबायचं."

तेव्हापासून दुपारी माझा छळ चालू आहे. ती नकाशावर बोट ठेवून हुकूम सोडते, मी चुकीचे बटण दाबतो, ती मला आंधळा म्हणते. ऑपरेशनची तारीख आली तेव्हा आम्ही किल्ल्याच्या तिसऱ्याच मजल्यावर होतो. आता तिचा अंगठा प्लास्टरमध्ये ताठ उभा असतो. दिवसभर ती मला ठेंगा दाखवत असल्यासारखा, आणि तसे नसेलच असे मी म्हणणार नाही.

गेल्या रविवारी आम्ही बुरुजाचे दार उघडले. सरदार पेटीतून उठला आणि त्याने मला अकरा वेळा ठार केले. प्रत्येक वेळी अन्यायाने.

"पुरे झालं आज. उठा, जेवून घ्या," ती म्हणाली.

मी उठलो नाही.