‘दिसत नाही’ म्हणायचं राहून गेलं

ऐंशीच्या दशकातली डिसेंबरची एक सकाळ. धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी दुर्बिणीच्या ऑपरेशनची फेलोशिप करत होते... एम.डी. नंतरचं खास शिक्षण, त्यामुळे मान जरा ताठच असायची.

तेव्हा आजच्यासारखा टीव्हीचा पडदा नव्हता. दुर्बिणीला एका वेळी एकच डोळा लावता यायचा. जो पाहील त्याने सांगायचं, बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा.

सर क्षणभर बाजूला होऊन मला पाहू द्यायचे आणि विचारायचे, दिसलं? मी दर वेळी ‘हो सर’ म्हणायचे. निम्म्या वेळा काही कळलेलं नसायचं, पण शिकणाऱ्यांत मी एकटी बाई... पुन्हा विचारलं तर हसतील, ही भीती.

त्या दिवशी टेबलावर वेणू होती. उमरेडच्या विणकर घरातली सून, लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाही. गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायचं होतं. सर खालून निळा रंग सोडणार, आणि तो नळ्यांतून पोटात उतरला का, हे मी दुर्बिणीतून सांगायचं.

थंडीमुळे भिंगावर धुकं धरलं. दुर्बीण बाहेर काढून, कोमट पाण्यात बुडवून पुसायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण सरांनी विचारलं, "निळं आलं का?" मला सगळंच पांढरं दिसत होतं... मी म्हणाले, "नाही सर."

कागदावर लिहिलं गेलं, दोन्ही नळ्या बंद. खाली सही माझी. दोन-तीन महिन्यांत तिच्या नवऱ्याने दुसरी केली आणि वेणू माहेरी परतली, हे आमच्या दवाखान्यातल्या, तिच्याच गावच्या आयाबाईकडून कळलं. तरी मी गप्पच राहिले. भित्री होते, दुसरं काय.

चारेक वर्षांनी ती माझ्या ओपीडीत आली. कामठीच्या एका बिजवराशी तिचा पाट लागला होता... आणि तिला पाचवा महिना होता.

नळ्या कधी कधी आखडतात, मग रंग पुढे जात नाही, असं म्हणून मला सहज सुटता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण सांगून टाकलं, भिंगावर धुकं होतं, मला काहीच दिसलं नव्हतं.

ती रडली नाही, भांडलीही नाही. पोटावरचा पदर सारखा करत म्हणाली, "दिसत नव्हतं, तं तसंच काहून नाही सांगतलं बाई? मी का तिथून पळून चालली होती?"

बाळंतपणाला ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. बरोबरच केलं तिने.

पुढे मी बऱ्याच मुलामुलींना हे ऑपरेशन शिकवलं. दुर्बीण हातात देण्याआधी प्रत्येकाला मोठ्याने म्हणायला लावायचे, मॅडम, मला दिसत नाही. मुलं हसत हसत म्हणायची, मला मात्र कधी हसू आलं नाही... हा धडा मला वेणूने दिला, आणि तिचे आभार मानायला मला तोंड नाही.