बेवारशी निरोप

ऑर्फा टिंगलीचं स्वतःचं मेलेलं माणूस एकच होतं, तिचा नवरा वेस, आणि तो तिच्याकडे कधी आला नाही. जिवंतपणीही तो संध्याकाळी वेळेवर घरी येत नसे, तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही. लोकांची मेलेली माणसं मात्र तिने तीस वर्षं घेतली.

एव्हरिल लेकच्या आमच्या कॅम्पात निम्म्या घरांच्या दारावर मीडियमची, म्हणजे मेलेल्यांशी बोलणाऱ्याची, पाटी आहे. माणूस मरत नाही, नुसता पलीकडे जातो आणि तिथून निरोप पाठवतो, यावर विश्वास असल्याची सही केल्याशिवाय कॅम्पाचं मंडळ इथे घर ठेवू देत नाही. जमीन मंडळाची, घर आपलं. माझं घर आणि त्यातली खानावळ मावशीकडून आली. सही मीही केली. सहीला विश्वास कुठे लागतो, पेन लागतं.

उन्हाळ्यात रोज दुपारी एक वाजता मोठ्या झाडांखालच्या बाकांवर निरोपांची सभा भरते. मीडियम पुढे उभा राहून म्हणतो, ‘‘निळ्या स्वेटरवाल्या बाई, तुमच्याकडे येऊ का?’’ बाईने मोठ्याने हो म्हणायचं, कारण आत्म्याला म्हणे आवाजाचा आधार लागतो. जुनी खोडं असंच करतात, माणूस बघून निरोप देतात. शिकाऊ पोरंपोरी मात्र निरोप आधी सांगतात आणि मग घेणारा शोधतात. ‘‘एक म्हातारे गृहस्थ आहेत, घोड्याजवळ उभे आहेत, कोणाचे?’’ कोणाचेच नसतात. तीनदा विचारायचं आणि सोडून द्यायचं, असा नियम आहे. तिसऱ्यांदा विचारताना त्या पोरांचं तोंड असं होतं की बघवत नाही. मी बघत असे, ती गोष्ट वेगळी.

ऑर्फाला ते बघवलं नाही. ती पाहुण्यांना खोल्या देणारी, बुटकी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई. असे बेवारशी निरोप ती घ्यायला लागली. तिसऱ्या बाकाच्या टोकावरून उजवा हात वर जायचा आणि ती म्हणायची, ‘‘माझे. माझे आजोबा.’’ घोडेवाले आजोबा तिला सात झाले. बुडालेल्या बहिणी तीन. शिकाऊ पोरांच्या जिवात जीव यायचा आणि सभा पुढे सरकायची. मी तिला म्हणायचे, ‘‘अगं, तुझ्या खानदानात कोणी अंथरुणात मेलंय की नाही?’’ त्यावर ती हसायची नाही. तिचा खरोखर विश्वास होता. ती म्हणायची, ‘‘व्हर्ना, इतक्या लांबून कोणी आलं आणि घ्यायला कोणीच नसलं, तर त्याला कसं वाटेल?’’ स्टेशनवर ताटकळलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं ती मेलेल्यांबद्दल बोलायची.

वांडा ग्राबोस्की एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात आली. बफेलोकडची पोलिश बाई, पोलादाच्या कारखान्यात काम करणाऱ्याची विधवा, हातापायाने दणकट. तिचा एकुलता एक मुलगा लेनर्ड, लेनी, एकोणसत्तर साली व्हिएतनामात विमानातून गेला आणि विमान परत आलं नाही. लष्कराने ‘बेपत्ता’ म्हणून कळवलं. मेला नाही, बेपत्ता. ती ऑर्फाकडे खोली घेऊन राहिली. पहिल्या दिवशी दोघी माझ्याकडे जेवायला आल्या तेव्हा ऑर्फाने आपली नेहमीची समजूत घातली, की मुलगा नक्की येईल, धीर धरा.

वांडाने काटा खाली ठेवला. ‘‘तो येऊ नये म्हणून मी आलेय,’’ ती म्हणाली. ‘‘इथे मेलेले येतात ना? मग मी सगळ्या सभांना बसणार. तो आला नाही, म्हणजे तो जिवंत आहे.’’

एवढं बिनतोड बोलणं मी या कॅम्पात त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आता त्या वर्षांत काय होतं ते सांगते. दर दुसऱ्या बाकावर कोणाचा ना कोणाचा मुलगा युद्धावर. मीडियम डोळे मिटून बोलत असले तरी आंधळे नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला, की निघाला एक गणवेशातला तरुण. वांडाच्या चौथ्याच दिवशी एक शिकाऊ पोरगा उभा राहून म्हणाला, ‘‘तरुण मुलगा आहे, आकाशातून पडलाय, आग दिसतेय, नाव ‘ल’वरून आहे. कोणाचा?’’

मी लिंबू सरबताचं टेबल घेऊन मागेच होते. वांडा शेवटच्या बाकावर. तिने दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची पाठ धरली होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता. पोराने दुसऱ्यांदा विचारलं. ऑर्फाने मागे वळून वांडाकडे पाहिलं आणि तिचा हात वर गेला. ‘‘माझा. माझा पुतण्या, लेस्टर.’’

ऑर्फाला पुतण्या नव्हताच. वेस एकुलता एक होता. वांडाने श्वास सोडला आणि त्या दुपारी माझ्याकडे चेरी पायचे दोन मोठे तुकडे खाल्ले.

ऑर्फा नंतर माझ्या स्वयंपाकघरात आली आणि बटाट्यांच्या पोत्यावर बसून रडली. ‘‘तो आला होता गं. आईसमोर उभा होता आणि मी त्याला खोटं नाव देऊन परत पाठवला.’’ मी म्हटलं, कोणी आलं नव्हतं, त्या पोराने हवेत गोळी मारली होती. ‘‘तुझा विश्वास नाही म्हणून तुला बरं आहे,’’ ती म्हणाली. तेव्हा मला वाटलं, हे उगाच मन खाणं आहे, होईल कमी. चौदा उन्हाळे झालं नाही. दरवर्षी वांडा यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि आकाशातून पडलेला, गणवेशातला, जळालेला असा जो कोणी येईल तो ऑर्फा पुढे होऊन घ्यायची. त्या लेस्टरचे किती मृत्यू झाले याचा हिशेब राहिला नाही. ऑगस्टच्या शेवटी वांडा तिचे दोन्ही गाल चुंबून निरोप घ्यायची आणि म्हणायची, ‘‘आणखी एक वर्ष जिवंत आहे.’’ वर्षभर ती त्या वाक्यावर जगायची.

पंच्याऐंशीच्या वसंतात लष्कराचं पत्र आलं. तिकडून हाडं परत आली होती, दातांवरून ओळख पटली होती. लेनर्ड ग्राबोस्की विमान पडलं त्याच दिवशी मेला होता.

जूनमध्ये त्या उन्हाळ्याची पहिली सभा होती. वांडा काळ्या कपड्यात आली आणि या वेळी पुढे येऊन उभी राहिली. शंभरेक माणसं बसली होती, त्यांत बाहेरून पहिल्यांदाच आलेली पुष्कळ. तिने पत्र हातात धरलं होतं, पण वाचलं नाही.

‘‘माझा मुलगा सोळा वर्षांपूर्वी मेला,’’ ती म्हणाली. ‘‘मी चौदा उन्हाळे या बाकांवर बसले. तुमच्यापैकी एकानेही त्याला आणला नाही. का?’’

चौदा वर्षं तिला जिवंत धरून ठेवणारा प्रश्न तिने नुसता उलटा केला होता, आणि त्याला उत्तर एकच होतं. ते मला माहीत होतं. पुढे खुर्च्यांवर बसलेल्या निम्म्या मीडियमनाही माहीत होतं, पैज लावून सांगते. कॅम्पाचा प्रमुख रेव्हरंड क्लाइड एमरिक उठला. पांढरे केस, मधाळ आवाज. असा आवाज असलेल्या माणसाला मी घरात घेत नाही.

‘‘बाई, तो आला होता,’’ क्लाइड म्हणाला. ‘‘दरवर्षी आला. आम्ही त्याला तुमच्यापर्यंत आणला. पण तो तुमच्या हाती लागण्याआधी दुसऱ्याने घेतला.’’ आणि त्याने तिसऱ्या बाकाच्या टोकाकडे पाहिलं.

सापही मेला आणि काठीही मोडली नाही. मीडियम खरे ठरले, पलीकडचं जग खरं ठरलं, आणि चोर म्हणून सापडली एक सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी. मी तेव्हा उठून एवढंच म्हणायला हवं होतं, की बाई, कोणी आलं नव्हतं, कधीच कोणी येत नाही, हिने फक्त तुमचा चेहरा पाहिला आणि दया केली. वाक्य जिभेवर होतं. आणि डोक्यात होतं माझं घर, सही, घरं कोणाकडे राहायची ते ठरवणारी मंडळाची शरदातली बैठक. ऑर्फाला वाचवू शकणारी त्या शंभर माणसांत मी एकटी होते, आणि मी ग्लास पुसत राहिले.

ऑर्फा उभी राहिली. तिने नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तिच्या लेखी क्लाइड खरंच बोलत होता. ‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘मी घेतला.’’

वांडाला ते समजायला वेळ लागला. मग ती अगदी हळू म्हणाली, ‘‘काय म्हणाला तो?’’

‘‘मला आठवत नाही.’’

‘‘चौदा वर्षं. एक तरी शब्द.’’

‘‘मी ऐकत नव्हते हो,’’ ऑर्फा म्हणाली. ‘‘मी तुमच्याकडे बघत होते.’’

यापेक्षा मायेचं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. वांडाने तिच्या तोंडात मारली. चष्मा गवतात पडला. तो उचलून द्यायला कोणी वाकलं नाही, ती स्वतःच गुडघ्यांवर बसून चाचपत राहिली.

वांडा कॅम्प सोडून जाईल असं आम्हाला वाटलं. ती कशाला जाते? तिने मंडळापुढे मागणी मांडली, की लेनीला या बाईकडे यायची सवय झाली आहे, तो आला तर हिच्याकडेच येईल. तेव्हा हिने रोज सभेला बसायचं, माझ्या शेजारी, आणि तो आला की या वेळी हात मी वर करणार. मंडळाला हे एकदम पटलं. ऑर्फालाही पटलं, हे जास्त वाईट.

तेव्हापासून सहा उन्हाळे तो तमाशा रोज एक वाजता मी पाहिला. तिसऱ्या बाकावर दोघी शेजारी शेजारी. सभा सुरू झाली की वांडा ऑर्फाचं उजवं मनगट धरायची आणि बाकावर दाबून ठेवायची. पोलादवाल्याच्या बायकोचा हात तो. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते. जुलैपर्यंत मनगट जांभळं व्हायचं आणि ऑर्फा उन्हात लांब बाह्यांचा झगा घालायची. घोडेवाले आजोबा येऊन परत जायचे. शिकाऊ पोरं तीनदा विचारून रडवेली होऊन बसायची. कोणी निरोप बेवारशी राहिला की ऑर्फाचा हात सवयीने थोडा उचलला जायचा आणि वांडा तो खाली दाबायची.

लेनी आला नाही. येणार कसा? वांडा बसली असताना गणवेशातला मुलगा काढायची एकाही मीडियमची छाती होत नव्हती. मंडळाने सगळ्यांना तशी कानगोष्टच केली होती, की चुकीचं काही बोललं गेलं तर बाई पुन्हा उभी राहील. सहा वर्षांत एव्हरिल लेकवर एकही सैनिक आला नाही. ऑर्फाला मात्र वाटायचं, आपण इतक्यांदा हाकलला म्हणून तो रुसलाय. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली, ‘‘व्हर्ना, पलीकडे गेले की पहिल्यांदा त्या मुलाला शोधते. हाताला धरून आणते त्याच्या आईकडे.’’ मी म्हटलं, हो, आण. फेब्रुवारीत ती गेली. वेसशेजारी पुरायला आम्ही पाच जण होतो. वांडा आली नव्हती.

त्या वर्षीच्या जूनमध्ये माझ्याकडे ओहायोची एक शिकाऊ मुलगी राहायला होती, डॅरलीन, तोंडाळ आणि खादाड. जेवताना तिने खोदून खोदून विचारलं, आणि मला बोलायला माणूस हवंच होतं. ऑर्फाचा हात, मनगट, लांब बाह्या, सगळं मी तिला सांगितलं. तेव्हा पुढे जे झालं त्यात पलीकडचं काही नाही, हे मी शपथेवर सांगते. सगळं माझ्याच स्वयंपाकघरातून गेलेलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात डॅरलीन सभेत उभी राहिली. वांडा तिसऱ्या बाकावर होती, शेजारची जागा मोकळी. ‘‘एक म्हाताऱ्या बाई आहेत,’’ डॅरलीन म्हणाली. ‘‘बुटक्या, जाड चष्मा. उजवा हात वर धरलाय आणि मनगट दुखतंय त्यांचं. कोणाच्या या?’’

सगळ्यांना कळलं. एकेक जण आपल्या बुटांकडे बघायला लागला. क्लाइड एमरिकने डोळे मिटून घेतले. ज्या पोरांची ऑर्फाने तीस वर्षं लाज राखली, त्यातली आठ-दहा आता नावाजलेले मीडियम होऊन पुढे खुर्च्यांवर बसली होती.

‘‘कोणाच्या या?’’ डॅरलीनने पुन्हा विचारलं. ‘‘कोणीतरी घ्या. त्या एकट्या नाहीत, मागे कोणालातरी धरून आणलंय.’’

मरताना ऑर्फा काय म्हणाली तेही मी डॅरलीनला सांगितलं होतं. माझ्या अंगावर काटा आला, याचा मला राग आला. मी सरबताचं भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं. ते टेबलावर ठेवून एक हात वर करायला कितीसा वेळ लागतो? ‘माझी’ म्हणायचं, बस्स. माझीच तर होती. पण मनात आलं, विश्वास नसताना हात वर करणं म्हणजे ढोंग, आणि सहीच्या वेळी न सुचलेला हा प्रामाणिकपणा मला नेमका त्या दुपारी सुचला.

डॅरलीनने तिसऱ्यांदा विचारलं, आता वांडाकडे बघून. वांडाने दोन्ही हात मांडीत घट्ट धरले होते. मागे कोणालातरी धरून आणलंय हे तिला ऐकूच आलं नव्हतं, किंवा ऐकायचं नव्हतं.

‘‘माझा मुलगा चौदा वर्षं उभा होता,’’ ती म्हणाली. ‘‘हिला उभी राहू दे.’’

नियमाप्रमाणे डॅरलीनने निरोप सोडून दिला आणि हिरव्या टोपीवाल्या गृहस्थांकडे वळली. ते मोठ्याने हो म्हणाले. मी सरबत ओतायला लागले.