बॉल आत येऊ द्यायचा नाही

बास्केटबॉल टूर्नामेंटच्या पहिल्याच राउंडला कॅन्टोन्मेंटचं कॉलेज आमच्या वाट्याला आलं, हे ऐकून आमच्या कॉलेज कमिटीचे सेक्रेटरी खुशीत हसले. मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. बाजूला प्रिन्सिपल मॅडम बसल्या होत्या.

“मग काय सुशीलाबाई, जायचं, खेळायचं, परत यायचं,” ते म्हणाले. “येताना मुलींना आइस्क्रीम खाऊ घाला.”

“आणि जिंकलो तर?”

“त्यांना हरवा, मी स्वतः तुमची पोस्ट पर्मनंट करून घेतो. मॅडम साक्षीदार.”

मॅडमही हसल्या. मी हसले नाही, कारण ती पोस्ट मला हवी होती.

साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका मुलींच्या कॉलेजात मी फिजिकल इन्स्ट्रक्टर होते. मद्रासला जाऊन रीतसर डिप्लोमा केलेला होता. पण नोकरी टेम्पररी. मार्चमध्ये संपायची, जुलैमध्ये पुन्हा लागायची. मधले महिने मी शिवणाचे क्लास घेऊन काढायची. घरात आई आणि मी, कमावणारी मी एकटीच. सेक्रेटरी आमच्यासारखेच, पिढ्यानपिढ्या बंगळूरला राहिलेल्या मराठी घरातले. लग्नामुंजीत भेटले की आईला म्हणायचे, “अक्का, काळजी कशाला? मुलगी आपलीच आहे.” आईला ते खरं वाटायचं. मला दर मार्चमध्ये खोटं वाटायचं आणि दर जुलैमध्ये पुन्हा थोडं खरं.

आता दोन्ही टीमचं सांगते. कॅन्टोन्मेंटच्या मुली उंच, पायात कॅनव्हासचे शूज, कॉलेजात सिमेंटचं कोर्ट. मुलींच्या टूर्नामेंटमध्ये कित्येक वर्षं त्या कोणाकडून हरलेल्या नव्हत्या. आमचं कोर्ट लाल मातीचं, एक खांब वाकलेला. आमची सर्वांत उंच मुलगी त्यांच्या खांद्याला लागायची. माझ्या निम्म्या मुली शाळेत खो-खो खेळलेल्या. बास्केटबॉलच्या टीममध्ये त्या आल्या, कारण कॉलेजात खो-खो नव्हता. कॅप्टन नागरत्ना त्यांतलीच. बुटकी, काटक, आणि तोंड कधी बंद नसायचं.

मी आधी कॅन्टोन्मेंटला जाऊन त्यांची एक प्रॅक्टिस मॅच पाहिली. नेम धरण्यात त्या आमच्यापेक्षा चांगल्या होत्याच. ते बघायला जायची गरज नव्हती. मला बघायचं होतं ते दुसरंच.

बास्केट झाली की ज्या टीमवर झाली, तिची एक मुलगी बोर्डामागच्या रेषेबाहेरून बॉल आत टाकते. याला थ्रो-इन म्हणतात. त्या वेळी मुलींच्या खेळात एक रीत पडली होती. बास्केट करणारी टीम लगेच पाठ फिरवायची आणि सभ्यपणे आपल्या अर्ध्यात जाऊन उभी राहायची. समोरच्यांनी सावकाश बॉल आत घ्यावा, टप्पे मारत आणावा, मग खेळ सुरू. म्हणजे निम्मं मैदान एकमेकींना फुकट द्यायचं. हा नियम नव्हता, नुसती सवय होती. नियम वेगळाच होता. बॉल पाच सेकंदांत आत टाकायचा, नाहीतर तो समोरच्या टीमचा. पण रेफरीला ते सेकंद मोजताना मी कधी पाहिलं नव्हतं. तशी वेळच येत नव्हती.

कॅन्टोन्मेंटच्या मुली तर थ्रो-इनच्या वेळी गप्पा मारत होत्या. बॉल दर वेळी एकाच मुलीकडे जायचा, ती तो बास्केटखाली हात वर करून उभ्या असलेल्या उंच मुलीला द्यायची, आणि दोन पॉइंट. त्या उंच मुलीला अडवणं आमच्याच्याने होणार नव्हतं. तिच्यापर्यंत बॉल पोचूच न देणं मात्र जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लांबून नेम मारण्याची प्रॅक्टिस बंद केली. मुली मैदानभर नुसत्या धावत होत्या. चौथ्या दिवशी नागरत्नाने कंबरेवर हात ठेवले.

“मिस, बॉल कधी देणार?”

“बॉल त्यांच्याकडे असेल. तुम्ही तो घ्यायचा.”

“म्हणजे चोरायचा?”

“खो-खोमध्ये पळणाऱ्याला धरता, तेव्हा चोरी करता का?”

तिने कंबरेवरचे हात काढले. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, “सरी, कळलं. खो-खोच आहे ग हा. फक्त पळणाऱ्या नारळाच्या झाडाएवढ्या आहेत.”

एवढ्यावर त्यांना सगळं समजलं. बॉल आत टाकणारीच्या तोंडासमोर एकीने हात वर करून नाचायचं. तिघींनी बॉल घ्यायला येणाऱ्यांना सावलीसारखं चिकटायचं. पाचवीने मागे थांबून लांब फेकलेला बॉल अडवायचा. दमली की बाहेर, दुसरी आत. बॉल हाती लागला तर बास्केट तिथेच डोक्यावर, लांबून नेम धरायची गरज नाही. मॅच त्यांच्याच कोर्टवर होती, अनवाणी पायांना सिमेंट चटके देईल, त्याची सवय व्हावी म्हणून मुलींना भर दुपारी कॉलेजच्या गच्चीवर पळवलं. त्यावर एका मुलीच्या वडिलांनी मॅडमकडे तक्रार केली. मॅडमनी मला बोलावून समज दिली. मी “हो मॅडम” म्हटलं आणि गच्चीवर परत गेले.

या डावपेचात एक खोट होती. थ्रो-इन अडवायचा तर आधी आपली बास्केट व्हायला हवी. मॅच सुरू झाली आणि आमची बास्केट होईना. त्यांच्या मात्र होत होत्या. सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसले होते. थोड्या वेळाने ते घड्याळ बघू लागले.

मग त्यांच्या एका मुलीने आमच्या ललिताला धक्का दिला. फाउल. अशा वेळी फ्री थ्रो मिळतो, म्हणजे कोणी न अडवता एक नेम. ललिताला मी नेम टाकायची एकच पद्धत शिकवली होती. दोन्ही हातांनी, खालून, बादली ओतल्यासारखा. तिने तसाच टाकला. बॉल कडीवर दोनदा उडाला आणि आत पडला. एक पॉइंट. प्रेक्षकांत कोणीतरी दयेने टाळ्या वाजवल्या.

आमच्या मुली मागे फिरल्या नाहीत.

बॉल घेऊन रेषेबाहेर गेलेल्या त्यांच्या मुलीने मान वर केली, तर समोर नागरत्ना उड्या मारत होती. मुलगी गोंधळली. तिने रेफरीकडे पाहिलं. रेफरीने माझ्याकडे पाहिलं. मी हाताची पाच बोटं दाखवली. त्याला नियम आठवला. शिट्टी वाजली, बॉल आमचा, आणि लगेच दोन पॉइंट. पुढचा थ्रो-इन तिने घाईत टाकला, तो सरळ आमच्या मुलीच्या हातात. पुन्हा दोन.

त्यांची ती उंच मुलगी पलीकडच्या बास्केटखाली हात वर करून उभीच होती. तिला कोणी अडवलेलं नव्हतं. तिच्याकडे बॉल येत नव्हता, एवढंच.

हाफ टाइमपर्यंत आम्ही बरोबरीला आलो. त्यांच्या मिस माझ्याकडे आल्या. गोऱ्यापान, करड्या स्कर्टातल्या, एरवी फार सभ्य बाई.

“धिस इज नॉट बास्केटबॉल, माय डिअर,” त्या म्हणाल्या. “रस्त्यावरची कुत्री अशी मागे लागतात.”

“नियमाविरुद्ध काही आहे का, मिस?”

“नियमाचं नाही म्हणत मी.”

“मग ठीक आहे.”

दुसऱ्या हाफमध्ये कॅन्टोन्मेंटच्या मुली सावरल्या. उंच मुलीला मागे आणून तिच्या हातून डोक्यावरून बॉल टाकायला लागल्या. आमचे फाउल वाढले, दोघी पाच फाउल होऊन बाहेर गेल्या. पण तोवर समोरच्या मुलींचे पाय जड झाले होते. त्यांना अशा धावण्याची सवय नव्हती. ललिताला आणखी एक फ्री थ्रो मिळाला, तोही आत पडला. आम्ही एका पॉइंटने जिंकलो.

सेक्रेटरी धावत कोर्टवर आले. पेपरवाल्याने फोटो काढला, त्यात मधोमध ते आहेत. मी डाव्या कडेला आहे, अर्धी.

पुढच्या राउंडला आम्ही हरलो. त्या टीमने आमची मॅच पाहिली होती आणि तयारी करून आली होती. त्याचं मला वाईट वाटलं नाही. एक युक्ती एकदाच चालते. दुसऱ्यांदा जिंकायला खेळ यावा लागतो, आणि तो मी पुढच्या वर्षी शिकवणार होते.

मार्चमध्ये मला बोलावणं आलं. सेक्रेटरींनी कॉफी मागवली. तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

“अभिनंदन. कमिटीने पोस्ट मंजूर केली. पर्मनंट. फिजिकल डायरेक्टर.”

“थँक यू, सर.”

“स्वल्प ऐकून घ्या, बाई. आता कॉलेजचं नाव झालंय. मोठमोठ्या टीमशी खेळायचं. रेफरींशी वाद, असोसिएशनच्या मीटिंगा. कमिटीचं म्हणणं, कोणी भारदस्त माणूस हवा. मिलिटरीतून रिटायर झालेले एक सुभेदार आहेत. वयस्क, घरंदाज. मुलींच्या पालकांनाही बरं वाटेल.”

“त्यांचा डिप्लोमा आहे?”

“अनुभव आहे.”

“बास्केटबॉलचा?”

“शिस्तीचा.”

मी कॉफीला हात लावला नाही. “सर, तुम्ही मॅडमसमोर शब्द दिला होता.”

“मग पाळलाच की,” ते म्हणाले, आणि ते मनापासून बोलत होते. “पोस्ट पर्मनंट करीन म्हणालो होतो. केली. आणि तुम्हाला कोण काढतंय? मुली बाहेरगावी जातील, बरोबर बाई लागणारच. तुम्ही असिस्टंट. टेम्पररी, पण आहातच.”

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “बाहेरच्या जगात पुरुष असलेला बरा, सुशीला. तुझ्याच सोयीचं आहे.”

आई म्हणाली, सोडू नकोस. मी एक वर्ष काढलं. सुभेदारसाहेब माणूस वाईट नव्हता. मुलींना रांगेत उभं करून एकेकीला लांबून नेम धरायला लावायचा. बास्केट झाली की “पीछे!” म्हणून ओरडायचा. नागरत्नाने एकदा थ्रो-इन अडवण्याचं विचारलं. तो म्हणाला, “भले घर की लडकियाँ ऐसे नहीं झपटतीं.”

त्या वर्षी पुन्हा कॅन्टोन्मेंटशीच गाठ पडली. मी बेंचच्या टोकाला मुलींची घड्याळं आणि बांगड्या रुमालात बांधून बसले होते. माझ्या डोळ्यांदेखत आमच्या मुली दर वेळी पाठ फिरवून शहाण्यासारख्या मागे जात होत्या. उंच मुलीला बॉल मिळत होता. हाफ टाइमपर्यंत काही उरलं नव्हतं. नागरत्ना पाणी प्यायला आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मिस, तुम्ही तरी काही बोला ना.” ते माझं काम नव्हतं. मी तिला पाणी दिलं.

परतताना सेक्रेटरी सुभेदारांना धीर देत होते, “उंचीपुढे कोणाचं काय चालणार!”

जुलैत मी कॉलेजात गेले नाही. एका मुलींच्या हायस्कुलात जागा मिळाली, पगार कमी पण बारमाही. अजून तिथेच आहे. पर्मनंट व्हायला मला काही जिंकावं लागलं नाही.

शिकले ते एवढंच. आपण हरणार अशी ज्याची खात्री आहे, त्याच्याकडून जिंकण्याचं बक्षीस ठरवून घेऊ नये. त्याने ते देण्याचा विचारच केलेला नसतो. आणि द्यायची वेळ आलीच, तर ते देण्याजोगा माणूस त्याला दुसराच कोणी सापडतो.